नोंदीपासून नकाशापर्यंत: प्रजाती-वितरणाचं मॉडेल स्वतः करताना

प्रजाती-वितरणाची मॉडेलं करणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक मोठा दोष आहे: ती कधीच ‘नाही’ म्हणत नाहीत. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात असलेल्या जनावराची नोंद द्या, संग्रहालयाच्या इमारतीवर पडलेला बिंदू द्या, दहा नोंदींवर एकोणीस घटक लादा. लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा देखणा नकाशा हातात पडतोच. त्यामुळे ‘हे चालणार नाही’ असं म्हणायचं काम आपल्याकडे येतं, आणि खरी मेहनत तीच आहे. मॉडेल चालवायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच्या साफसफाईला कित्येकदा आठवडे जातात.

मूळ कल्पना सोपी आहे. प्रजाती जिथे जिथे दिसली ते बिंदू घ्यायचे, त्या बिंदूंवर तापमान किती, पाऊस किती हे नकाशाच्या थरांवरून वाचायचं, त्यातून तिला कशी परिस्थिती मानवते याचं गणित बसवायचं, आणि तशी परिस्थिती आणखी कुठे आहे ते रंगवायचं. एव्हलिन हचिन्सन यांनी १९५७ मध्ये प्रजातीची निसर्गातली जागा म्हणजे अनेक मित्यांच्या अवकाशातला एक आकार, अशी मांडणी केली होती. आजची सॉफ्टवेअरं त्या आकाराचा अंदाज बांधतात. हा नकाशा परिस्थितीचा असतो, प्राण्याचा नसतो. शेवटच्या टप्प्यात ही गोष्ट पुन्हा आडवी येणार आहे.

सरावाला काय घ्यायचं

आपल्या आवडत्या प्रजातीवर लगेच उडी मारू नका. आधी अशा संचावर हात बसवा जो हजारो लोकांनी वापरलाय आणि ज्याचे खाचखळगे माहीत आहेत. आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतल्या डिस्मो पॅकेजसोबत (पॅकेज म्हणजे तयार आज्ञांचा संच) एक छोटी फाइल येते: तपकिरी गळ्याच्या तीनबोटी स्लॉथच्या, म्हणजे ब्रॅडिपस व्हेरिगेटस या मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या संथ, झाडांवर राहणाऱ्या प्राण्याच्या, ११६ नोंदी. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शॅपायर यांनी २००६ मध्ये मॅक्सएंट ही मॉडेल बसवायची पद्धत मांडली, तेव्हा उदाहरणाला घेतलेल्या दोन प्राण्यांत हा एक होता. सोबत नऊ थर मिळतात. आठ हवामानाचे आणि एक बायोमचा (बायोम म्हणजे वर्षावन, गवताळ प्रदेश असा मोठा निसर्गप्रकार). सगळे अर्ध्या अंशाच्या ग्रिडवर, म्हणजे चौकोनी घरांच्या जाळीवर, आहेत, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही क्षणात उघडतात.

साधनं मोजकी पुरतात. आर आणि आरस्टुडिओ बसवा. त्यात रास्टरसाठी (घराघरांत आकडे असलेल्या थरांसाठी) टेरा, बिंदू आणि सीमांसाठी एसएफ, आणि मॉडेलसाठी मॅक्सनेट एवढी पॅकेजं घ्या. मूळ मॅक्सएंट जावा या वेगळ्या संगणकप्रणालीवर चालतं, आणि जावा नीट बसवण्यात नवख्या माणसाचा एक अख्खा दिवस जाऊ शकतो. मॅक्सनेटला जावा लागत नाही, म्हणून सुरुवात त्यानेच करावी. नकाशे डोळ्यांनी पाहायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर हवंच. कोड लिहायची अजिबात सवय नसेल तर वॉलेस पाहा: ब्राउझरमध्ये चालतं, नोंदी उतरवण्यापासून नकाशापर्यंत एकेक पायरीने नेतं, आणि शेवटी तुम्ही जे केलंत त्याचा आरमधला कोडही काढून देतं. शिकणाऱ्याला त्या कोडचा फार उपयोग होतो.

इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांबद्दल एक सूचना. आरजीडाल, आरजिओस आणि मॅपटूल्स ही तीन पॅकेजं ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. एखादा धडा त्यांच्यापासून सुरू होत असेल, तर त्यातली कल्पना घ्या आणि कोड सोडून द्या. डिस्मोसुद्धा जुन्या रास्टर पॅकेजवर उभं आहे. त्याचे कर्ते रॉबर्ट हायमन्स यांनीच टेरा आणि प्रेडिक्ट्स ही पुढची पॅकेजं लिहिली आहेत. आपण डिस्मोतून फक्त माहिती घेतोय.

पहिल्या पाच ओळी

स्लॉथची फाइल उघडा आणि मॉडेलकडे न धावता पहिल्या पाच ओळी वाचा. आधी रेखांश, मग अक्षांश असा क्रम आहे:

−६५.४०००, −१०.३८३३
−६५.३८३३, −१०.३८३३
−६५.१३३३, −१६.८०००
−६३.६६६७, −१७.४५००
−६३.८५००, −१७.४०००

चार दशांश स्थळं पाहून वाटतं की जागा दहा-अकरा मीटरपर्यंत पक्की आहे. आता दशांशानंतरच्या भागाला साठने गुणा. ०.३८३३ चे २३ होतात, ०.१३३३ चे ८, ०.६६६७ चे ४०, ०.४५ चे २७. सगळीकडे पूर्ण आकडा येतो. म्हणजे या जागा मुळात अंश आणि मिनिटांत लिहिलेल्या होत्या, आणि नंतर कुणीतरी त्या दशांशात फिरवल्या. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. दहा मीटरचा दिखावा, आणि प्रत्यक्षात एक-दोन किलोमीटरची ढिलाई. अशा नोंदींवर ३० मीटरचा उंचीचा थर लावला, तर डोंगराची कोणती बाजू, ओढ्याकाठी की कड्यावर, हे सगळं मॉडेल निव्वळ गोंगाटातून शिकेल. थराचं रिझोल्यूशन, म्हणजे त्याची घरं किती बारीक, हे ठरवायचं ते नोंदींची अचूकता पाहून. कोणता थर फुकट मिळाला यावरून ते ठरवू नका.

आता याच पाच बिंदूंवर थरांमधले आकडे काढा. टेरातली एक्स्ट्रॅक्ट ही आज्ञा एका ओळीत ते करते. पहिल्या ओळीला बायो-१, म्हणजे वार्षिक सरासरी तापमान, २६३ मिळतं आणि बायो-१२, म्हणजे वर्षाचा पाऊस, १६३९. दुसऱ्या ओळीलाही २६३ आणि १६३९. तंतोतंत तेच, कारण बोलिव्हिया-ब्राझील सीमेवरचे हे दोन बिंदू ग्रिडच्या एकाच घरात पडलेत. चौथा आणि पाचवासुद्धा एकमेकांचे शेजारी, एकाच घरातले. ओळी पाच, पण स्वतंत्र जागा तीनच. एका घरात एकच बिंदू ठेवा, बाकीचे काढा. बिंदूंमध्ये ठरावीक किलोमीटरचं अंतर राखायचं असेल तर एसपीथिन हे पॅकेज आहे. विरळणी केल्यावर नोंदी कमी होतात म्हणून पुष्कळांचा जीव वरखाली होतो; पण त्या नोंदी नव्या माहितीच्या नव्हत्याच.

आणि ते २६३? अंश सेल्सिअस नक्कीच नाहीत. हे थर वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-संचातले आहेत, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत जागा वाचवायला तापमान दहाने गुणून ठेवलं होतं, म्हणजे हे २६.३ अंश. दुसऱ्या आवृत्तीत थेट अंश आहेत. जुन्या थरांवर मॉडेल बसवून ते नव्या थरांवर पसरवलंत, तर मॉडेलला सगळा खंड गोठलेला दिसेल, प्रजाती नकाशावरून पुसली जाईल, आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढणार नाही.

स्वतःच्या प्रजातीच्या नोंदी

सराव झाला की खऱ्या नोंदी बहुधा जीबीआयएफमधून येतात. २००१ मध्ये उभी राहिलेली ही जागतिक व्यवस्था संग्रहालयं, वनस्पतिसंग्रह, ईबर्ड आणि आयनॅचरलिस्टसारखी हौशी निरीक्षकांची संकेतस्थळं अशा ठिकाणच्या नोंदी एका साच्यात आणून देते. खातं काढून रीतसर डाउनलोडची मागणी करा. त्या डाउनलोडला स्वतःचा कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच शोध घेतला तर नोंदींचा आकडा बदललेला असतो, आणि तेव्हा आपण नेमकं काय वापरलं होतं ते सांगता येत नाही.

उतरवलेली साधी फाइल नावाने सीएसव्ही असते, पण आत रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. स्वल्पविरामाच्या भरवशावर उघडली तर सगळं एका रकान्यात कोंबलेलं दिसतं. एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन करू नका. तारखांची वाट लागते. थेट आरमध्ये वाचा.

मग गाळणी. ‘बेसिस ऑफ रेकॉर्ड’ (नोंद कशावरून घेतली) या रकान्यात जीवाश्म आणि बंदिस्त नमुने वेगळे ओळखता येतात, ते काढा. जागेच्या अनिश्चिततेचा रकाना मीटरमध्ये असतो. तुमच्या ग्रिडच्या घरापेक्षा मोठी अनिश्चितता असेल ती नोंद बाद. हा रकाना पुष्कळदा रिकामा असतो, आणि रिकामा म्हणजे शून्य नव्हे. तिथे वरची साठने गुणायची युक्ती कामाला येते. शून्य अक्षांश-शून्य रेखांशावरचे बिंदू, जे गिनीच्या आखातात पाण्यात पडतात, ते काढा. देशाच्या किंवा जिल्ह्याच्या बरोबर मध्यावर पडलेले बिंदू संशयित समजा, कारण फक्त देशाचं नाव माहीत असलेल्या जुन्या नमुन्याला कुणीतरी मध्यबिंदू चिकटवलेला असतो. कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज अशा तपासण्या एकगठ्ठा करतं. जीबीआयएफचं कार्यालय कोपनहेगनमध्ये आहे, तर त्या कार्यालयावर चुकून पडलेले बिंदू शोधायची वेगळी तपासणीही त्यात आहे, यावरून दुखणं किती जुनं आहे ते कळावं.

धोक्यातल्या प्रजातींबाबत आणखी एक सापळा. शिकारी आणि चोरट्या व्यापाऱ्यांना ठिकाण कळू नये म्हणून आयनॅचरलिस्ट खरी जागा लपवतं आणि ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी यादृच्छिक बिंदू दाखवतं. विषुववृत्ताजवळ हा चौकोन सुमारे २२ किलोमीटर बाजूचा होतो. बिंदू नकाशावर अगदी छान जंगलात पडलेला दिसेल, पण तो खोटा आहे, आणि मुद्दाम खोटा आहे.

सगळ्या यांत्रिक गाळण्यांनंतर उरलेले बिंदू क्यूजीआयएसमध्ये उपग्रहचित्रावर टाका आणि कडेकडेचे बिंदू एकेक करून पाहा. शंभर-दीडशे बिंदूंना फार तर एक संध्याकाळ लागते. माझ्या मते या एका संध्याकाळीचा उपयोग पुढच्या कुठल्याही गणितापेक्षा जास्त आहे. स्लॉथच्याच बाबतीत बघा: गयाना प्रदेशात त्याचा चुलतभाऊ ब्रॅडिपस ट्रायडॅक्टिलस राहतो. दोघे एकमेकांसारखे दिसतात, ठळक फरक गळ्याच्या रंगाचा. तिथून एखादी नोंद आली असेल तर ओळखच चुकली असण्याची शक्यता मोठी. हे कुठलंही पॅकेज सांगणार नाही. त्याला प्राणी माहीत असलेला माणूस लागतो.

थर निवडताना

हवामानासाठी वर्ल्डक्लिम आणि चेल्सा हे दोन मोठे स्रोत आहेत. वर्ल्डक्लिमच्या दुसऱ्या आवृत्तीत १९७० ते २००० या काळाच्या सरासऱ्या आहेत, चार रिझोल्यूशनमध्ये: १०, ५ आणि २.५ मिनिटं, आणि ३० सेकंद. विषुववृत्तावर ३० सेकंद म्हणजे जवळपास एक किलोमीटर. मिनिटापर्यंतच अचूक असलेल्या नोंदींना २.५ मिनिटांचा थर शोभतो. नोंदींचं सालही थरांच्या काळाशी जुळतं का ते बघा. मातीसाठी २५० मीटरचं सॉइलग्रिड्स आहे आणि उंचीसाठी एसआरटीएम, जे फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या मोहिमेतून आलं. ते साधारण ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढंच पोचतं.

एकोणीस बायोक्लिम थर (बायो-१ ते बायो-१९) एकत्र मिळतात म्हणून एकोणीसच्या एकोणीस आत टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. पुन्हा स्लॉथच्या पहिल्या ओळीकडे वळू. तिथे बायो-५, म्हणजे सर्वांत उष्ण महिन्याचं कमाल तापमान, ३३८ आहे. बायो-६, म्हणजे सर्वांत थंड महिन्याचं किमान, १९१. आणि बायो-७ आहे १४७. वजाबाकी करून बघा: ३३८ उणे १९१ बरोबर १४७. बायो-७ हा स्वतंत्र घटक नाहीच, तो पहिल्या दोघांमधला फरक आहे. तिन्ही आत ठेवलेत तर मॉडेल श्रेय कुणाला देईल याचा नेम नाही, आणि नंतर ‘कोणता घटक महत्त्वाचा’ याचा जो तक्ता तुम्ही मिरवाल तो निरर्थक असेल.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी जीवशास्त्र: स्लॉथच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेसोबत बरंच वरखाली होतं, तेव्हा थंडीचा घटक, बायो-६, तर्काला धरून आहे. तो झाडांवर पानं खाऊन जगतो, म्हणून कोरड्या तिमाहीचा पाऊस, बायो-१७, घ्यायला कारण आहे. मग गणित: उरलेल्या थरांचा परस्परसंबंध काढा आणि ०.७ च्या वर जाणाऱ्या जोडीतला एक सोडा, किंवा यूएसडीएम पॅकेजने व्हीआयएफ, म्हणजे एखादा थर बाकीच्यांवरूनच किती सांगता येतो याचा आकडा, तपासा. हाच क्रम ठेवा. उलट केलंत तर नेमका कामाचा घटक गळायचा आणि ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो शिल्लक राहायचा.

बायो-८, ९, १८ आणि १९ यांच्यापासून मी लांबच राहतो. त्यांत तापमान आणि पाऊस एकमेकांत गुंतवलेले असतात; बायो-८ ची व्याख्या आहे ‘सर्वांत ओल्या तिमाहीचं सरासरी तापमान’. एका घरात ओली तिमाही जूनपासून आणि शेजारच्या घरात डिसेंबरपासून, असं झालं की दोन शेजाऱ्यांच्या तापमानात अचानक पायरी पडते. क्यूजीआयएसमध्ये हा थर उघडा, शिवण मारल्यासारख्या रेषा दिसतील. निसर्गात तिथे काहीच नसतं, पण मॉडेल त्या रेषेवर इमानेइतबारे सीमा आखतं.

बायोमच्या थराला वेगळी वागणूक लागते. त्यातले आकडे ही नावं आहेत, मापं नाहीत. बायोम १४ हा बायोम ७ च्या दुप्पट नसतो. आरला हा गटवाचक घटक आहे असं स्पष्ट सांगा, आणि रिझोल्यूशन बदलताना सगळ्यांत जवळच्या घराचा आकडा जसाच्या तसा घेणारी ‘निअर’ पद्धत वापरा. ‘बायलिनियर’ने सरासरी काढली जाते आणि ७.५ नावाचा बायोम जन्माला येतो. वेगवेगळ्या स्रोतांचे थर एकत्र आणताना सगळ्यांची हद्द, घराचा आकार आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) एकच हवं. ‘एक्स्टेंट जुळत नाही’ ही चूक आली तर वैतागू नका. सॉफ्टवेअर ‘नाही’ म्हणतं ते याच एका ठिकाणी.

अभ्यासक्षेत्र आणि पार्श्वभूमी

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त फसणं इथे होतं, म्हणून जरा रेंगाळतो.

मॅक्सएंटकडे प्रजाती नसलेल्या जागांची माहिती नसते. ते असलेल्या बिंदूंची तुलना आजूबाजूच्या सर्वसाधारण परिस्थितीशी करतं, आणि त्यासाठी अभ्यासक्षेत्रातून पार्श्वभूमीचे बिंदू उचलतं. मूळचा आकडा १०,०००. साहजिकच अभ्यासक्षेत्र कुठवर, यावर सगळं उत्तर अवलंबून. स्लॉथच्या संचातले थर रेखांश −१२५ ते −३२ आणि अक्षांश −५६ ते ४० एवढे पसरलेत. त्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं थंड पॅटागोनिया आलं, अँडीजची शिखरं आली, उत्तर अमेरिकेतली वाळवंटं आली. तेवढ्याची तुलना केली तर मॉडेल काय शिकतं? स्लॉथ बर्फात राहत नाही. गुण मात्र भरघोस मिळतात, कारण प्रश्नच बाळबोध होता.

खोर्गे सोबेरॉन आणि टाउनसेंड पीटरसन यांनी २००५ मध्ये तीन गोष्टी वेगळ्या काढायला सांगितलं: हवामान मानवतं ती जागा, इतर जीवांमुळे राहता येतं ती जागा, आणि प्रजाती आजवर चालत-उडत पोचू शकली असती ती जागा. पार्श्वभूमी या तिसऱ्या जागेतून घ्यायची. व्यवहारात मी असं करतो: ज्या ज्या परिसर-विभागात (एकसारख्या निसर्गाच्या भूभागात) नोंद आहे ते सगळे विभाग घेतो, त्याभोवती प्रजातीच्या चालीप्रमाणे थोडी पट्टी ठेवतो, आणि मोठी नदी किंवा उंच पर्वतरांग आडवी येत असेल तर तिथे कापतो. बिंदूंभोवती सरसकट वर्तुळं काढणं सोपं पडतं, पण वर्तुळाला नदी कळत नाही.

दुसरी गोष्ट, नोंदी घेणारी माणसं. मी एकदा एका बेडकाचं मॉडेल करताना हौसेने रात्रीच्या दिव्यांचा थर आत टाकला होता. निकालात तोच सगळ्यांत प्रभावी घटक निघाला: जितका उजेड, तितका बेडूक. दोन दिवस मी त्याला जीवशास्त्रीय कारण शोधत बसलो, किडे दिव्याकडे येतात वगैरे. मग बिंदू रस्त्यांच्या थरावर टाकले आणि लक्षात आलं की बेडकाचं मॉडेल झालंच नाही, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांचं झालंय. यावर चांगला तोडगा म्हणजे पार्श्वभूमीलाही तोच कल देणं. आपल्या प्रजातीसारख्याच जीवांच्या, त्याच प्रकारच्या लोकांनी घेतलेल्या सगळ्या नोंदी गोळा करायच्या आणि पार्श्वभूमीचे बिंदू त्यांच्या दाटीप्रमाणे उचलायचे. बेडकासाठी सगळे उभयचर, स्लॉथसाठी त्या भागातले इतर सस्तन प्राणी. असलेले आणि पार्श्वभूमीचे, दोन्ही बिंदू रस्त्याकडे सारखेच झुकले की रस्त्याचा परिणाम बराचसा कटतो.

क्षेत्र उत्तर-दक्षिण लांब असेल तर ध्यानात ठेवा की अक्षांश-रेखांशाच्या ग्रिडमधली घरं ध्रुवाकडे अरुंद होत जातात. ६० अंशांवर रुंदी निम्मी. बिंदू क्षेत्रफळाच्या प्रमाणात उचला किंवा समक्षेत्र प्रक्षेपण वापरा.

मॉडेल बसवणं

इथवर नीट आलात तर हा भाग छोटा आहे. मॅक्सएंटमध्ये दोन गोष्टी हाताळायच्या असतात: वक्रांचे आकार किती गुंतागुंतीचे असू द्यायचे, आणि त्या गुंतागुंतीला दंड किती लावायचा. मूळ व्यवस्थेत हे आकार नोंदींच्या संख्येवरून आपोआप ठरतात. सरळ रेषा कायम, १० नोंदींपासून घटकाचा वर्ग, १५ पासून हिंज (मध्येच वाकणारी रेषा), ८० पासून दोन घटकांचा गुणाकार. म्हणजे स्लॉथच्या ११६ नोंदी विरळून ८० च्या खाली गेल्या, तर तुमच्या नकळत मॉडेलची जातच बदलते. म्हणून आपोआपवर विसंबू नका. ईएनएमइव्हॅल पॅकेजमध्ये आकारांचे चार-पाच संच आणि ०.५ ते ४ पर्यंतचे दंड द्या. ते सगळ्या जोड्या चालवून तक्ता देतं. त्यातलं चाचणीच्या नोंदी कमीत कमी हुकवणारं आणि त्यातल्या त्यात साधं मॉडेल घ्या.

मग प्रत्येक घटकाचा प्रतिसाद-वक्र, म्हणजे तो घटक बदलला की अनुकूलता कशी बदलते, ते पाहा. तापमानाचा वक्र एक-दोन वळणांचा असेल तर ठीक. करवतीच्या दात्यांसारखा असेल, २४ अंशांना आवडतं, २५ ला नाही, २६ ला पुन्हा आवडतं, तर मॉडेलने नोंदी पाठ केल्यात. दंड वाढवा.

रँडम फॉरेस्ट, बूस्टेड ट्री, साधं जीएलएम, आणि बायोमॉड-२ सारख्या पॅकेजमध्ये या सगळ्यांची मोट बांधणं, हेही पर्याय आहेत. पण कचरा नोंदींवर दहा पद्धती चालवून सरासरी काढली तर कचऱ्याचीच सरासरी मिळते. एक पद्धत नीट समजेपर्यंत मोट बांधू नये असं माझं मत. आणि तुमच्याकडे ‘गेलो, शोधलं, दिसलं नाही’ अशा पद्धतशीर फेऱ्यांच्या नोंदी असतील, तर मॅक्सएंट सोडा आणि अनमार्क्ड पॅकेजमधली ऑक्युपन्सी मॉडेलं बघा. प्राणी तिथे नव्हता, की होता आणि दिसला नाही, हे वेगळं करायची सोय त्यात आहे.

तपासणी

नोंदी चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटायच्या, एकावर शिकवायचं आणि दुसऱ्यावर परीक्षा घ्यायची, ही पद्धत सगळीकडे दिसते. आता त्या पहिल्या दोन ओळी आठवा, एकाच घरातल्या. एक शिकवणीत गेली आणि दुसरी परीक्षेत, तर उत्तरपत्रिका आधीच फुटलेली. विरळणीनंतरही शेजारच्या घरांचं हवामान जवळपास सारखंच असतं. म्हणून ब्लॉकसीव्ही पॅकेजने क्षेत्राचे मोठे चौकोन पाडा आणि एक अख्खा चौकोन बाजूला ठेवून त्यावर परीक्षा घ्या. गुण खाली येतात. ते खालचे गुण खरे. पंचवीसेकच नोंदी असतील तर चौकोन जमत नाहीत. तेव्हा दर वेळी एकच नोंद बाजूला ठेवून तपासायचं.

गुण मोजायचे नेहमीचे आकडे एयूसी आणि टीएसएस: मॉडेल प्रजातीचे बिंदू बाकीच्यांपासून किती वेगळे ओळखतं ते दोन्ही सांगतात. एयूसी ०.५ म्हणजे नाणं उडवण्याइतकं आणि १ म्हणजे निर्दोष, पण पॅटागोनिया आत घेऊन हा आकडा कसा फुगवता येतो ते वर पाहिलंच. टीएसएसला खऱ्या ‘नसलेल्या’ नोंदी लागतात. पार्श्वभूमीच्या बिंदूंवर काढलेला टीएसएस मी गंभीरपणे घेत नाही. फक्त असलेल्या नोंदींसाठी बॉइस निर्देशांक जास्त योग्य. मॉडेल जिथे जास्त अनुकूल म्हणतं तिथे नोंदी खरोखर अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात का, एवढंच तो विचारतो.

नव्या जागी, नव्या काळात

मॉडेल दुसऱ्या प्रदेशावर किंवा भविष्यावर पसरवताना ते शिकलंय त्यापलीकडच्या परिस्थितीत जातं. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात सोडलेला केन टोड हा परका भेक हे याचं गाजलेलं उदाहरण. जेन एलिथ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याच्याच अभ्यासात मेस नकाशा मांडला: प्रत्येक घरातली परिस्थिती शिकवणीतल्या मर्यादेत आहे की बाहेर. बाहेरची घरं ऋण आकड्यात दिसतात. भविष्याचा नकाशा दाखवाल तिथे मेसही दाखवा, आणि ऋण भाग राखाडी करा. हवामानाचं एकच भाकीत घेऊ नका. तीन-चार हवामान-मॉडेलं आणि किमान दोन एसएसपी परिस्थिती (जग पुढे कसं वागेल याच्या ठरावीक कल्पना) चालवून त्यांच्यातला मतभेदही नकाशावर येऊ द्या. आजचे आणि उद्याचे थर एकाच स्रोताचे, एकाच आवृत्तीचे हवेत. त्या २६३ मुळे हे आता वेगळं सांगायला नको.

अनुकूलतेचा नकाशा ‘आहे-नाही’त बदलायचा असेल तर ०.५ ला कापू नका, त्या आकड्याला इथे काही विशेष अर्थ नाही. कापायची रेषा उद्देशावर ठरते. सर्वेक्षणाला माणसं पाठवायची असतील तर उंचावर कापा. संरक्षित क्षेत्रातून काही सुटू नये असं वाटत असेल तर शिकवणीतल्या १० टक्के नोंदी बाहेर राहतील तिथे, किंवा त्याहून खाली.

या वाटेवर घेतलेला प्रत्येक निर्णय लिहून ठेवायला ओडीमॅप नावाचा ठरावीक तक्ता २०२० पासून आहे. तो काम संपल्यावर भरायचा नाही, करता करता भरायचा. सोबत यादृच्छिक आकड्यांचा सीड (तेच यादृच्छिक आकडे पुन्हा मिळवून देणारा सुरुवातीचा आकडा), पॅकेजांच्या आवृत्त्या आणि तो डीओआय.

आता स्लॉथचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडा, वर ११६ बिंदू टाका, आणि जिथे रंग गडद आहे पण बिंदू एकही नाही अशा जागा शोधा. कॅरिबियन बेटांवर रंग चढला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तिथली हवा स्लॉथला चालली असती. तपकिरी गळ्याचा स्लॉथ आज तिथे नाही, मध्ये समुद्र आहे. गयाना प्रदेश गडद झाला असेल तर तिथे तो चुलतभाऊ बसलाय. अ‍ॅमेझॉनच्या आतल्या भागात, नद्यांपासून दूर, गडद रंगात रिकामा पट्टा दिसला तर मात्र थांबा: तिथे बहुधा कुणी गेलेलंच नाही. या तिन्ही जागांना सॉफ्टवेअरने एकच रंग दिलेला असेल. पेन्सिल घ्या आणि त्यांच्यावर तीन वेगळ्या खुणा करा.